साहेबाच्या कानातली बाई

यशोधरा कांबळेच्या तोंडानं तिची बढती तीन वेळा खाल्ली होती. हात चांगला होता, नजर चांगली होती, अठरा वर्षांत तिच्या हॅमरखाली कुणाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं. पण दर वेळी वरून येणाऱ्या कागदावर शेऱ्याच्या रकान्यात तीच ओळ असायची : कामात उत्तम, बोलण्याची पद्धत सुधारावी. ती कशी सुधारायची हे कुणी सांगत नसे. "साहेब, हे चुकतंय, याला दुसरं काय म्हणतात हो?" असं ती घरी नवऱ्याला विचारायची, आणि नवरा हसून ताट पुढं ओढायचा.

म्हणून त्या सोमवारी सकाळी कानटोपातून मुजावरसाहेबांचा आवाज आला तेव्हा तिनं आधी मागं वळून पाहिलं. वाटलं, दुसऱ्या कुणाशी बोलतायत.

"यशोधराताई, शुक्रवारी लाइन इनचार्ज म्हणून तुमचं नाव लागेल. मी सही केली आहे. खरं सांगू? तुमची सांगायची रीत मला फार आवडते. इतकं शांत, इतकं मुद्द्याला धरून बोलणारं माणूस या शेडमध्ये दुसरं नाही."

यशोधरानं वर पाहिलं. शेडच्या एका टोकाला, लोखंडी जिना चढून गेलं की साहेबांची काचेची केबिन. काचेपलीकडे अन्वर मुजावर उभे होते आणि हात हलवत होते. माणूस चाळिशीचा, शिकलेला, सरळ. शेडमध्ये येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती.

"शांत? मी?" ती पुटपुटली.

तिच्या गळ्यावरच्या पट्टीनं ते पुटपुटणं उचललं असणार, कारण अर्ध्या सेकंदानं साहेब हसले, मान डोलावली आणि म्हणाले, "हाच तो नम्रपणा."

हॅमरच्या दुसऱ्या बाजूला शिरपतीमामा सांडस टेकवून उभा होता. त्यानं भुवई उडवली. काय झालं, अशी खूण. यशोधरानं दोन्ही हात हवेत उडवले. मला काय ठाऊक, अशी खूण.

कारखाना कोल्हापूरच्या बाहेर, पंचगंगेपलीकडच्या वसाहतीत. तिथं रेल्वेच्या डब्यांचे ॲक्सल ठोकून निघत. पाच टनांचं पोलादी डोकं, ते माणसाच्या मांडीएवढ्या जाड रॉडला अडकवलेलं. हवेच्या दाबानं रॉड वर जायचा, डोकं उचलायचा, आणि दांडा ओढला की ते डोकं लालभडक लोखंडावर येऊन आदळायचं. दांडा यशोधराच्या हातात. लोखंड सांडशीत धरून फिरवायचं काम शिरपती चव्हाणचं. तो अठ्ठावन्न वर्षांचा, त्याच्यापासून दोन हातांवर ते पाच टन पडणार, आणि तो कधी पापणी हलवायचा नाही.

अशा शेडमध्ये तोंडानं बोलून भागत नाही. म्हणून पूर्वीपासून तिथल्या माणसांची हातांची बोली होती. एक बोट वर म्हणजे एकच ठोका. मूठ म्हणजे जोरात. तळहात छातीसमोर आडवा कापला की नाही. आणि त्या सगळ्यांवर एक : फुली. दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरायचे. फुली झाडूवाल्यानं दिली तरी हॅमर थांबलाच पाहिजे. बघेल त्यानं स्वतःचेही हात वर धरायचे, म्हणजे ती शेडभर पोचते, आणि हॅमर थंड होईपर्यंत का म्हणून विचारायचं नाही. फुली खोटी निघाली तर देणाऱ्यानं सगळ्या पाळीला भेळ घालायची. नव्या माणसाला शेडमध्ये पाऊल टाकायच्या आधी फुली करून दाखवावी लागे, मग तो साहेब का असेना. मुजावरसाहेबांनीही पहिल्या दिवशी हसत हसत केली होती, तेव्हा त्यांच्या हातातली फाइल खाली पडली होती.

खुणांबरोबर आणखी एक गोष्ट आपोआप शिकली जायची. हॅमरशेडमधली माणसं ओठ वाचत.

मग कानटोप आले आणि खुणा मागं पडल्या. पहिले कानटोप फक्त आवाज मारायचे. आवाज म्हणजे हवेतली लाट. लाटेचा उंचवटा जिथं येतो तिथं बरोबर तेवढाच खळगा आणून बसवला की दोन्ही सपाट होतात. कानटोप प्रत्येक ठोक्याची अशी उलटी लाट बनवून कानात सोडायचा आणि ठोका विरून जायचा. बोलण्यासाठी गळ्याला पट्टी. गळ्याची थरथर पट्टी पकडते, यंत्र तिच्यावरून शब्द जुळवतं आणि ऐकणाऱ्याच्या कानात बोलणाऱ्याच्याच आवाजात म्हणून दाखवतं. चांगली गोष्ट होती. शिरपतीमामासारख्यांचे कान आधीच गेले होते, पण पुढच्यांचे वाचले.

ज्या यंत्राला वाक्य नव्यानं जुळवता येतं, त्याला ते जरा वेगळं जुळवणंही जमतं. दीड वर्षापूर्वी कानटोपात 'सुसंवाद' नावाची सोय आली. कानामागच्या गादीतून ऐकणाऱ्याची नाडी आणि घाम मोजला जायचा. कुठल्या वाक्यानं माणूस बिथरतो, कुठल्या वाक्यानं ऐकून घेतो, हे यंत्र शिकत गेलं. कामगाराची शिवी साहेबाच्या कानात पोचण्याआधी गळून पडायची, साहेबाचा तुसडेपणा कामगारापर्यंत यायचा नाही. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. भाषा साफ होते एवढंच त्यांना सांगितलं होतं, आणि शेडमधली भांडणं खरोखरच थांबली.

यंत्राला चांगलं वाक्य आणि वाईट वाक्य कसं कळायचं? सोपा हिशेब होता. बोलणं संपताना दोघांची नाडी शांत असली की वाक्य चांगलं. बोलण्यानंतर काम झालं की नाही, हे बघायला त्याला डोळे नव्हते.

त्या सोमवारी यशोधराला आणखी एक गोष्ट खटकत होती, आणि ती गेले पंधरा दिवस खटकत होती. ठोका पडला की तिच्या डाव्या बुटाखालची पत्र्याची फळी थरथरायची. ती थरथर तिला अठरा वर्षांची ओळखीची. आता तीत एक जास्तीचा कंप होता. एक ठोका, आणि त्याला चिकटून त्याची सावली. तिचा तर्क होता की रॉड जिथं डोक्याच्या आत शिरतो, त्या भोकात कुठंतरी तडा गेलाय. सांगाड्यावरचे सेन्सर हिरवे होते, पण सेन्सर सांगाड्यावर. डोक्यावर बसवलेला सेन्सर दोन दिवसांत भुगा होतो. रॉड चालत्या हॅमरमध्ये तुटला तर त्याचा तुकडा कुठं जाईल हे कुणी सांगू शकत नाही. शिरपतीमामा दोन हातांवर असतो, एवढं मात्र सांगता येतं.

तिनं साहेबांना तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा कानात उत्तर आलं होतं, "बघतो, यशोधराताई. नक्की बघतो." एकदा चिठ्ठीही लिहिली, पण कागद आधी स्कॅनरमध्ये जायचे आणि तिथूनही सुसंवादच ते वाचून दाखवायचा.

आता चौथ्यांदा ती म्हणाली, "साहेब, नाव लावाल तेव्हा लावा. आधी रॉड बाहेर काढा. मामा मरेल एक दिवस."

अर्धा सेकंद गेला. काचेपलीकडे साहेबांचे ओठ हलले. मग कानात आलं, "बघतो, यशोधराताई. तुमचं लक्ष असतं याचं बरं वाटतं."

यशोधरानं दांडा धरला, आणि तसाच धरून राहिली. 'बघतो' म्हणायला ओठ मिटावे लागतात. साहेबांचे ओठ मिटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती भाकरी सोडून बसली आणि शिरपतीमामाकडे वळली. दोघं शेडच्या मागं कडुलिंबाखाली बसली होती, कानटोप गळ्यात लोंबत होते.

"मामा, साहेबांच्या कानात मी काय बोलते?"

"तू जे बोलतीस ते." मामा मोठ्यानं बोलायचा, ऐकू कमी येणाऱ्यांची सवय.

"मी साहेब म्हणतात तसं शांत बोलत असते तर तीन बढत्या गेल्या असत्या का?"

मामानं मिरचीचा ठेचा भाकरीला लावला, विचार केला. "यशे, मिळतीय तर घे की. शुक्रवार काय लांब हाय? इनचार्ज झालीस की मग काढ रॉड. तुझाच हुकूम."

"आणि शुक्रवारपर्यंत?"

"तवर मी उभा हाय."

हे तिला आवडलं नाही. पण खोटं कशाला बोला, तो विचार आदल्या रात्री तिच्याही मनात येऊन गेला होता. कानातली ती दुसरी बाई, कोण असेल ती असो, तिच्यासाठी दीड वर्ष गोड बोलत होती. तिला आणखी तीन दिवस बोलू दिलं तर काय बिघडलं?

"जाऊन बघते," ती उठली.

"काय बघतीस?"

"ती बाई कशी हाय ते."

केबिनमध्ये कुणी न बोलावता जात नसे. तसा नियम नव्हता, रीत होती. यशोधरा जिना चढून दारात उभी राहिली. मुजावरसाहेब डब्यातला पुलाव खात होते, कान मोकळे नव्हतेच. केबिनमधलं बोलणं नोंदलं जावं म्हणून वरच्या ऑफिसची सक्ती होती. त्यांनी हसून स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. कानटोप घाला, म्हणजे बोलू. तिनं घातला. त्याबरोबर खोली मुकी झाली. आता समोरच्या माणसाचं जे काही यायचं ते कानटोपातूनच.

ती टेबलाजवळ गेली, उजेड साहेबांच्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली.

"साहेब, रॉडचं काय ठरलं?"

साहेबांचे ओठ हलले. आधी ओठ एकदा मिटून उघडले. यशोधरा म्हणताना ओठ मिटत नाहीत. कांबळे म्हणताना मिटतात. मग जीभ दातांमागे गेली, तोंड थोडं पसरलं. नाही. मग पुन्हा, डोकं हलवत, नाही.

कानात आलं, "यशोधराताई, तुमची सूचना माझ्या लक्षात आहे. योग्य वेळी नक्की बघतो."

तिच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा जास्त तिला नवल वाटलं. डोळ्यांसमोर एक माणूस नाही म्हणत होता आणि कानात तोच माणूस हो म्हणत होता.

"तुम्ही आत्ता नाही म्हणालात का?"

साहेब थांबले, ऐकलं, आणि समाधानानं मान डोलावली. तिनं काय विचारलं असं त्यांच्या कानात पोचलं असेल, देव जाणे.

मग तिनं ते केलं जे तिच्या जागी कुणीही केलं असतं. हात मागं बांधले, चेहरा सरळ ठेवला आणि सावकाश म्हणाली, "साहेब, तुमच्या डोक्यात भुसा भरलाय."

साहेबांनी छातीवर हात ठेवला. कानात आलं, "आभारी आहे. कामाचा ताण असतो, पण तुमच्यासारखी माणसं सोबत आहेत."

तिला हसू फुटलं. तोंडावर धरायला पदर नव्हता. तिनं हात धरला. मग हसू ओसरलं. आता या माणसाला सांगायचं कसं? बोलेल तो प्रत्येक शब्द त्या बाईच्या हातून जाणार. यशोधरानं स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं आणि काढा, काढा, असा हात केला.

साहेबांनी चिंतेनं पाहिलं. "टोप दुखतोय का? मोठ्या मापाचा पाठवतो."

भोंगा झाला. सुट्टी संपली. साहेबांच्या कानाला हात लावण्याइतकी ती अजून बिघडली नव्हती. ती जिना उतरली, आणि प्रत्येक पायरीला एक शिवी देत उतरली. त्या शिव्यांचे वर काय हार-तुरे झाले असतील तेवढं तिला बघायला मिळालं नाही.

बुधवारी शेवटचे चाळीस ॲक्सल होते. गुरुवारी सकाळी गाडी भरायची होती, आणि गाडी चुकली तर साहेबांना वर उत्तर द्यावं लागणार होतं, हे सगळ्या शेडला माहीत होतं.

सकाळी दहाच्या सुमाराला सतरावा नग सांडशीत होता. ठोका पडला. डाव्या बुटाखाली फळी थरथरली, मग सावली आली, आणि या वेळी सावलीला धार होती. खडा दातांखाली यावा तशी.

यशोधरानं दांडा सोडला.

पाच टनांचं डोकं वरच अडकून राहिलं. शिरपतीमामानं सांडस मागं घेतली आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं तोंडानं सांगून पाहिलं, शेवटचं, सरळ, एकेक शब्द तोडून : "साहेब. रॉड तुटणार आहे. आज. मी चालवणार नाही."

अर्धा सेकंद. साहेबांचे ओठ भराभर हलले. कपाळावर आठ्या होत्या. कानात मध पाझरावा तसं आलं, "यशोधराताई, तुम्ही दमला असाल. थोडी विश्रांती घ्या. सर्जेराव बसेल."

आणि सर्जेराव आलाच. तीस वर्षांचा, बदली चालक, बिचाऱ्याच्या कानात काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. हसत आला, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि दांड्याजवळ बसला. शिरपतीमामानं नग पुन्हा साच्यावर ठेवला. पंधरा दिवस तो तसाच ठेवत आला होता.

यशोधरा शेडच्या मधोमध चालत गेली. चालताना तिला शुक्रवार स्पष्ट दिसत होता : सूचनाफलक, त्यावर तिचं नाव, आणि मग नाव नसलेला तोच फलक. रॉड धड निघाला तर चौथ्यांदा तिचं तोंडच आडवं येणार होतं, आणि या वेळी हातसुद्धा. तिनं हॅमर आणि शिरपतीमामा यांच्या बाजूला उभं राहून केबिनकडे तोंड केलं, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली दिली.

शिरपतीमामानं पाहिलं. सांडस खाली ठेवली. हात वर.

सर्जेरावचा हात दांड्यावर होता. त्यानं दोघांकडे पाहिलं, वर केबिनकडे पाहिलं, कानातलं काही ऐकलं. मग दांडा विस्तवासारखा सोडून दिला आणि हात डोक्यावर नेले. भट्टीवाल्यांनी पाहिलं. क्रेनवाल्यानं पाहिलं. दीड वर्ष कुणी फुली दिली नव्हती, पण हात विसरले नव्हते. शेडभर एकामागून एक हात वर जात होते, आणि कुणाच्याही गळ्यातून शब्द निघत नसल्यानं सुसंवादला म्हणायला काहीच उरलं नव्हतं.

काचेपलीकडे मुजावरसाहेब उभे होते. ते बोलत होते, मग बोलायचे थांबले. खाली चाळीस माणसं हात वर करून त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी कानटोप दाबून नीट बसवला, जणू बिघाड तिथंच होता. काढला. काचेवर तळहात टेकवला. यशोधराला त्यांचे ओठ दिसत होते. ते हलत नव्हते.

मग त्यांचे हात वर गेले. नवख्या माणसाचे, वाकडे, पण फुली होती.

ते जिना उतरून आले तेव्हा हॅमर बंद केलेला होता आणि शेडमध्ये भट्टीचा घुरघुराट तेवढा होता. यशोधरानं कानटोप काढून हातात धरला. साहेबांचाही हातातच होता.

"कांबळे, काय चाललंय हे?"

आवाज तोच, पण पातळ, घाबरलेला, चिडलेला. तिला तो आवडला.

"रॉड गेलाय म्हणून पाच वेळा सांगितलं!"

"आणि मी पाच वेळा नाही म्हणालो! पाच आठवड्यांपूर्वी तपासणी झालीय, रॉड धड आहे, गाडी उद्या आहे. दर वेळी तुम्ही म्हणालात, ठीक आहे साहेब, धन्यवाद. मला वाटलं, बाई समजूतदार आहे."

"धन्यवाद? मी? अहो, मी तुम्हाला काल..."

"राहू दे, यशे," शिरपतीमामा म्हणाला. "ते नको सांगू आता."

"मला काय ऐकू आलं ते सांगू?" साहेबांनी डोळे मिटून आठवलं. "साहेब, सवडीनं रॉडकडे एकदा नजर टाकली तर बरं. घाई नाही."

"घाई नाही!" यशोधरा मटकन ओंडक्यावर बसली.

शिरपतीमामानं घसा साफ केला. "साहेब, माझं बी ऐका. मला कानानं कमी, पर सांडशीतनं हाताला लागतंय. पंधरा दिस झालं. मी सांगितलं हुतं तुम्हाला."

"मला कधी?"

"सांगितलं. कानात तुम्ही म्हणालात, मामा, आम्हाला तुमची काळजी आहे." तो जरा ओशाळला. "बरं वाटलं हो. मग म्या गप बसलो."

साहेबांनी हातातला कानटोप उलटा करून पाहिला, आत काही दिसेल अशा आशेनं. "मीच मागवला हा," ते म्हणाले. "आधीच्या साहेबाला या शेडमधल्या भांडणांनी घालवला होता. मला कुणी ओरडलं की पुढचं ऐकूच येत नाही. लहानपणापासून. म्हटलं, बरंय."

मग त्यांनी वर पाहिलं. "खात्री किती? खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून नको."

असा प्रश्न तिला अठरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. तिनं विचार केला. "बारा आणे."

"आणि उरलेले चार?"

"उरलेल्या चारात मी पाळीला भेळ घालीन, आणि शुक्रवारचं माझं नाव तुम्ही काढा. पण मामाला बारा आण्यांसमोर उभा करणार नाही."

रॉड काढायचा म्हणजे आठ तासांचं काम. गाडी चुकणार हे नक्की. तडा असेल हे बारा आणे. मुजावरसाहेबांनी रॉडकडे पाहिलं, बाहेरून तो गुळगुळीत चमकत होता. शिरपतीमामा जिथं उभा राहायचा तिथं बुटांनी घासून जमिनीला खळगा पडला होता. तिकडेही त्यांनी पाहिलं.

"काढा," ते म्हणाले. "वरती मी सांगतो."

पाचर ठोकून सैल केली, डोकं ओंडक्यांवर टेकवलं, क्रेननं रॉड उचलला तेव्हा उन्हं शेडच्या पश्चिमेच्या जाळीतून आत आली होती. घरी कुणी गेलं नव्हतं. शिरपतीमामानं रॉडच्या टोकाला रॉकेल फासलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी उडवली. जुनी तपासणी. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पाझरून वर येतं आणि पांढऱ्यावर ओलं उमटतं.

आधी काहीच उमटलं नाही. साहेबांनी यशोधराकडे पाहिलं. सर्जेराव हळूच म्हणाला, "भेळीत कांदा जास्त, हां."

मग एक रेघ उगवली. केसाएवढी, करडी. ती रॉडभोवती चालू लागली. सरकत, थांबत, पुन्हा सरकत गेली. शिरपतीमामा तिच्याबरोबर वाकून फिरत गेला आणि जिथून निघाला होता तिथं जवळजवळ येऊन थांबला. तीन बोटांची जागा कोरी उरली होती. पाच टन त्या तीन बोटांवर लटकत होते.

मामानं फडकं घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "भेळ ऱ्हाऊ दे. आज चहा साहेबांचा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी यशोधराला केबिनमध्ये बोलावलं. दोघांचे कान उघडे होते.

"ऐकायचंय?" त्यांनी विचारलं. "दीड वर्षाची नोंद आहे."

तिला ऐकायचंच होतं. साहेबांनी मंगळवारची दुपार लावली. खोलीत तिचाच आवाज घुमला, फक्त कुणी इस्त्री फिरवल्यासारखा : साहेब, आपल्या विचारांची खोली मला नेहमीच प्रेरणा देते.

"हे भुशाचं," यशोधरा म्हणाली.

"कसलं भुशाचं?"

तिनं सांगितलं. साहेब लाल झाले, त्यांनी टेबल घट्ट धरलं, आणि मग त्यांना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. यशोधरा मात्र पुढं वाकून ऐकत राहिली. आणखी लावा, आणखी लावा, म्हणाली. कुठं तिचा शब्द होता, कुठं नव्हता, कुठं एखादं वाक्य तिला मनातून सुचलं होतं पण तोंडातून आलं नव्हतं, ते सगळं ती चाचपत राहिली. शेवटी मागं टेकली.

"बाई चांगली आहे," ती म्हणाली. "पण तिला हॅमर चालवता येत नाही."

"शुक्रवारच्या कागदावर मी तिच्यासाठी सही केली होती. ती फाडली. नवीन लिहिलाय, वरचे काय म्हणतील ते म्हणोत." त्यांनी कागद पुढं सरकवला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : बोलण्याची पद्धत : ऐकू येते.

सोमवारपासून शेडमधल्या कानटोपांतला सुसंवाद महिनाभर बंद ठेवायचं ठरलं. टोप ठोक्याचा आवाज तेवढा मारायचे, शब्दाला हात लावायचे नाहीत. पहिल्याच दिवशी दोन भांडणं झाली. नवा रॉड बसला होता. डाव्या बुटाखाली एकच ठोका येत होता, सावली नव्हती. सकाळी अकराला यशोधरानं केबिनकडे पाहून खुणेनं मागणी केली : सांडशीवर आणखी एक माणूस द्या, मामाला तासाला दहा मिनिटं बसू दे.

मुजावरसाहेब काचेशी आले. त्यांनी कानटोपाला हातही लावला नाही. तळहात छातीसमोर धरला आणि आडवा कापला. शिकत होते; खूण जरा तिरकी गेली, पण वाचता येत होती.

नाही.

यशोधरा बघत राहिली. दीड वर्षात साहेबांचा पहिला नकार तिच्यापर्यंत धड पोचला होता. तिनं सर्जेरावला दांड्यावर बसवलं, कानटोप काढून काखेत मारला, आणि बाह्या वर सारत तावातावानं जिना चढू लागली.